सिद्ध कोणी करावयाचे? : चवदार तळ्याच्या दाव्यातील शाबितीचा प्रश्न

२० मार्च १९२७ हा दिवस आपल्या समाजाच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. त्या दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि हजारो माणसांनी त्यांचे अनुकरण केले. २५ डिसेंबर १९२७ हा मनुस्मृतिदहनाचा दिवसही आपण विसरलेलो नाही. परंतु १७ मार्च १९३७ ही तारीख आपल्यापैकी कितीजणांस सांगता येईल, याविषयी आम्हास शंका आहे. त्या दिवशी मुंबईच्या उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकाल दिला. तळ्याचे पाणी प्राशन केल्याला दहा वर्षे पुरी होण्यास तेव्हा अवघे तीन दिवस उरले होते.

या निकालाचा उल्लेख आपल्या भाषणांतून आणि पुस्तकांतून होतो, तो बहुधा एका वाक्यात. 'बाबासाहेबांनी खटला जिंकला' एवढे सांगून वक्ता पुढे जातो. खटला कशाच्या बळावर जिंकला, न्यायालयाने काय म्हटले आणि काय म्हणावयाचे टाळले, हे सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच एका मुद्द्याचा विचार करणार आहोत. तो मुद्दा आहे शाबितीच्या जबाबदारीचा, म्हणजे न्यायालयात एखादी गोष्ट कोणी सिद्ध करावयाची याचा. वरकरणी हा वकिलांचा विषय वाटेल. परंतु अस्पृश्यतेचा सगळा इतिहास पाहिला तर तो याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो, असे आमचे मत आहे.

दाव्याची पार्श्वभूमी

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा इत्यादींचा वापर अस्पृश्य वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षे तळ्यावर कोणी फिरकले नाही. तो ठराव प्रत्यक्षात आणण्याचे काम १९२७ च्या मार्चमधील कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने केले. त्यानंतर काय घडले ते सर्वश्रुत आहे. जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला, तळ्याची शुद्धी करण्यात आली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला.

डिसेंबरअखेर सत्याग्रह करण्याचे बाबासाहेबांनी जाहीर केले होते. त्याच्या तोंडावर, १२ डिसेंबर रोजी, महाडच्या स्पृश्य हिंदूंच्या वतीने नरहरी दामोदर वैद्य व इतर मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. डॉ. आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर व इतर हे प्रतिवादी होते. १४ डिसेंबर रोजी प्रतिवादींचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच तूर्तातूर्त मनाई हुकूम देण्यात आला.

येथे बाबासाहेबांपुढे मोठा पेच उभा राहिला. हजारो सत्याग्रही महाडात जमले होते आणि पाणी घेतल्यावाचून परत जाण्याची त्यांची तयारी नव्हती. तरीही सत्याग्रह तहकूब झाला आणि २७ डिसेंबर रोजी केवळ तळ्याभोवती मिरवणूक काढण्यात आली. अनेकांना तेव्हा ही माघार वाटली. परंतु ज्यास न्यायालयाच्या रीतीची जाण होती, त्यास निराळी गोष्ट दिसत होती. दावा लावून विरोधी पक्ष स्वतःहून अशा जागी येऊन उभा राहिला होता, जेथे त्यास प्रथमच विचारले जाणार होते, 'तुमच्या म्हणण्यास आधार काय?'

गावात आणि न्यायालयात

गावगाड्यात शाबितीची रीत ठरलेली होती. अस्पृश्य माणूस पाणवठ्यावर गेला तर 'तुला येथे येण्याचा हक्क काय?' असा प्रश्न त्यास विचारला जाई. 'मला येथून हाकलण्याचा तुमचा हक्क काय?' असे विचारण्याची सोय त्यास नव्हती. स्पृश्यांचा हक्क गृहीत धरलेला असे. अस्पृश्याने मात्र आपला हक्क सिद्ध करावा आणि तो सिद्ध करण्याची साधने, म्हणजे दप्तर, लेखणी, पंचायत आणि साक्ष, सर्व दुसऱ्याच्या हाती असावीत, अशी ही रचना होती.

धर्मशास्त्राने तिला आधार दिला होता. प्राचीन स्मृतींना पुरावा ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. लेख, भोग आणि साक्षी ही तीन प्रमाणे याज्ञवल्क्याने सांगितली आहेत. परंतु मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीचीही वर्णवार वाटणी केलेली आहे. द्विजांचे साक्षी द्विज, शूद्रांचे शूद्र आणि अंत्यजांचे अंत्यज, अशी ती व्यवस्था आहे. शपथही वर्ण पाहून निरनिराळी. पुराव्याची भाषा तेथे होती. पुराव्यापुढील समता नव्हती. ज्या महाडात स्पृश्यांनी पुराव्याच्या जोरावर तळे मागण्यासाठी दावा लावला, त्याच महाडात त्याच महिन्यात हा ग्रंथ जाळला गेला, ही गोष्ट आम्हास अर्थपूर्ण वाटते.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने ही वर्णवार वाटणी न्यायालयापुरती संपविली. त्याच्या १०१ व्या कलमाचा आशय साधा आहे. एखाद्या वस्तुस्थितीच्या आधारे ज्यास न्यायालयाकडून आपला हक्क ठरवून हवा असेल, ती वस्तुस्थिती त्यानेच शाबीत करावी. दोन्ही बाजूंनी काहीच पुरावा दिला नाही तर जो पक्ष हरेल, त्याच्यावर ही जबाबदारी असते, असे पुढील कलम सांगते. (१ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून हेच तत्त्व त्याच्या १०४ व १०५ या कलमांत कायम आहे.) मागणारा कोणत्या जातीचा, याची कायदा विचारपूस करीत नाही.

रूढी कोणी सिद्ध करावी?

स्पृश्य वादींनी आरंभी दोन गोष्टी मांडल्या. एक, तळे आमच्या मालकीचे आहे. दोन, अनादि कालापासून चालत आलेल्या रूढीने त्याचा वापर केवळ आमचा आहे व अस्पृश्यांस तेथे मज्जाव आहे. पहिले म्हणणे टिकणारे नव्हते. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यान्वये तळे नगरपालिकेकडे निहित झालेले होते आणि उच्च न्यायालयात तर वादींनी मालकीचा आग्रहच सोडून दिला. सर्व भार रूढीवर येऊन पडला.

ब्रिटिश काळातील न्यायालये रूढीस फार मोठे स्थान देत. रूढीचा स्पष्ट पुरावा मिळाल्यास तो धर्मग्रंथातील वचनाहूनही वरचढ, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली मदुरा कलेक्टरच्या प्रकरणात सांगितले होते. परंतु त्याबरोबर अटही होती. सर्वसाधारण कायद्याच्या विरुद्ध जाणारी रूढी प्राचीन व अखंड असली पाहिजे आणि ती निःसंदिग्ध पुराव्याने शाबीत झाली पाहिजे, असे त्याच प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हटले. ती शाबीत करावयाची ज्याने तिचा आधार घेतला त्याने.

रूढीच्या या दुधारी शस्त्राने पूर्वी बहिष्कृतांचा पराभवच झालेला होता. १८८३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका देवळाच्या गाभाऱ्यातील पूजेचा चित्पावनांचा विशेष हक्क पळशे ब्राह्मणांविरुद्ध संरक्षणास पात्र ठरविला. ब्राह्मणांतील दोन शाखांतच जर हा न्याय, तर इतरांची काय कथा! दक्षिणेत कमुदीच्या देवळात १८९७ साली नाडार समाजाची मंडळी शिरली. ते प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९०८ साली नाडारांविरुद्ध निकाल लागला. तेव्हा महाडच्या दाव्यात बाबासाहेबांचा विजय आधीच ठरलेला होता, असे मानणे चुकीचे होईल. न्यायनिर्णयांचा ओघ त्यांच्या बाजूने नव्हता.

तीन न्यायालये, तीन पायऱ्या

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र पुढे चालला. महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी १९३१ साली निकाल दिला. अस्पृश्यांस वगळून स्पृश्यच तळे वापरीत आले आहेत, हे त्यांच्या मते सिद्ध झाले. परंतु सार्वजनिक तळ्याचा एका वर्गाने वापर केला व दुसऱ्याने केला नाही, एवढ्याने वापरणाऱ्या वर्गास कोणताही कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असे म्हणून त्यांनी दावा फेटाळला. वहिवाट आणि हक्क यांतील हा भेद फार महत्त्वाचा आहे.

ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी १९३३ साली अपील फेटाळताना आणखी पुढचे पाऊल टाकले. चाल जुनी असेल, परंतु ती अनादि आहे हे वादींनी सिद्ध केलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसरे अपील उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. एन. जे. वाडिया यांच्यापुढे आले. न्या. ब्रूमफील्ड यांचे निकालपत्र फार लांब नाही, पण ते प्रत्येकाने मुळातून वाचावे असे आहे. चार-पाच एकरांचे हे तळे, भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे स्पृश्यांची व थोडी मुसलमानांची घरे. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही. तळे किमान अडीचशे वर्षांचे असल्याचे उभयपक्षी मान्य. परंतु ते कोणी खोदले, मुळात ते खोदलेले आहे की निसर्गतःच आहे, याचा पुरावा नाही. काठावर स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी अशा तळ्याचा वापर एकट्याने राखून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हे न्यायमूर्तींना संभवनीय वाटले नाही.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. 'अस्पृश्य येथे कधी आले नाहीत' हा वादींचा मुख्य पुरावा होता. परंतु न येणे ही घटना एक आणि येण्यास हक्क नसणे ही घटना दुसरी. ज्याचे घर तळ्याजवळ नाही, ज्यास मार खाण्याचे भय आहे, तो येत नाही. त्याच्या न येण्यातून त्याची संमती निघत नाही. शतकानुशतकांच्या आपल्या मौनास विरोधी पक्षाने साक्षीदार म्हणून उभे केले होते आणि न्यायालयाने त्या साक्षीवर रूढीचा डोलारा उभारण्यास नकार दिला.

मुसलमान बांधव त्या तळ्याचे पाणी घेत, हेही पुराव्यात आले होते. त्यांच्या स्पर्शानंतर तळ्याची शुद्धी झाल्याचे ऐकिवात नाही. ती झाली २० मार्च १९२७ नंतर. विटाळ पाण्यास होत नव्हता, तो समतेच्या कल्पनेने होत होता, असे आम्ही म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

निकालाची मर्यादा

आता या निकालातील ज्या भागाकडे आपले सहसा लक्ष जात नाही, त्याकडे वळू. वादींनी देवळांच्या खटल्यांचा आधार घेतला होता. न्यायालयाने ते खटले वेगळे ठरविले. मात्र तसे करताना न्यायालय असेही म्हणून गेले की, देवळाच्या बाबतीत दीर्घकाळ चालत आलेली व इतरांनी मुकाट्याने मानलेली चाल असेल तर ते देऊळ उच्च जातींसाठीच अर्पण केलेले होते असे अनुमान निघू शकेल. आणि मग आपणही त्या देवळाच्या उपासकांपैकी आहोत हे सिद्ध करण्याचा भार अस्पृश्यांवर येऊ शकेल. तळ्याच्या बाबतीत तसे अनुमान निघत नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणजे एकाच निकालपत्रात तळ्याकाठी शाबितीचा भार स्पृश्यांवर आहे आणि देवळाच्या दारी तो अस्पृश्यांवर जाऊ शकतो. शिवाय रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार करावा लागला असता; नगरपालिका दाव्यात पक्षकार नसताना वादींना काही दाद देता आली असती काय, हाही प्रश्न होता; परंतु आता त्यांत शिरण्याचे कारण नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांवर मत देण्याचे टाळले.

ही गोष्ट आपण प्रांजळपणे स्वीकारली पाहिजे. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता अन्याय्य ठरविली नाही. ती पुराव्यात टिकली नाही, इतकेच सांगितले. स्पृश्यांच्या हाती दोन-चार जुने कागद असते तर निकाल काय लागला असता, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. न्यायाचा हा धागा किती बारीक होता, याची जाणीव बाबासाहेबांसारख्या कायदेपंडितास नसेल असे संभवत नाही. पुढे राज्यघटनेत जे घडले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

विनयातील दृष्टांत

राज्यघटनेकडे जाण्यापूर्वी एका गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. 'जो म्हणेल त्याने सिद्ध करावे' हे तत्त्व इंग्रजांनी या देशात आणले, असे सांगितले जाते. कायद्याच्या कलमापुरते ते खरे असेल. परंतु भगवान बुद्धांच्या संघाचा विनय पाहिला तर निराळे चित्र दिसते.

दब्ब मल्लपुत्त या स्थविरांवर मेत्तिय व भुम्मजक यांच्या गटातील भिक्खूंनी अत्यंत गंभीर असा खोटा आरोप रचला. भगवंतांनी दब्बांना प्रथम विचारले. त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्यानंतर चौकशीचा रोख आरोप करणाऱ्यांकडे वळला आणि त्यांनी आपले कुभांड कबूल केले. या प्रसंगातून निराधार आरोप करणे हाच संघादिसेस स्वरूपाचा मोठा दोष ठरविणारा नियम झाला. आरोपास पाहिलेले, ऐकलेले किंवा सकारण संशयिलेले असे काही मूळ असावे लागते. संबंधित भिक्खूच्या समक्षच निर्णय व्हावा, हे सम्मुखविनयाचे तत्त्व आहे. आरोप करणाऱ्याने योग्य वेळी, सत्य, मृदू शब्दांत, हिताचे आणि मैत्रीपूर्ण चित्ताने बोलावे, अशीही विनयाची अपेक्षा आहे. येथे साक्षीची वर्णवार वाटणी कोठेही नाही.

कालाम सुत्त तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून काही मानू नका, हा त्यातील उपदेश महाडच्या दाव्यास तंतोतंत लागू पडतो. 'अनादि रूढी' हा वादींचा एकमेव आधार होता आणि 'रूढी आहे म्हणून ती न्याय्य' हे भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच अमान्य केले होते. १९२७ साली बाबासाहेबांनी विनयाचा आधार घेतला होता असे आम्हास सुचवावयाचे नाही. परंतु पुढे ज्या धम्माकडे ते वळले, त्या धम्माची न्यायदृष्टी त्यांच्या लढ्याशी मुळातच जुळणारी होती, एवढे निश्चित.

भार फिरविणारे कायदे

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली. तेराव्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांशी विसंगत असलेल्या रूढीही निष्प्रभ ठरविल्या. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. १९३७ साली न्यायालयाने जो प्रश्न बाजूला ठेवला होता, त्याचे उत्तर राज्यघटनेने दिले. रूढी सिद्ध झाली तरी आता तिचा उपयोग नाही.

मग प्रश्न नव्या रूपात पुढे आला. पाण्यावरून हाकलणारा आता 'आमची रूढी आहे' असे म्हणेना. 'जातीमुळे नव्हे, भांडणामुळे अडविले' असे तो म्हणू लागला. मनातील हेतू सिद्ध कसा करावयाचा? १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्यास १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, त्याच्या बाराव्या कलमात याचे उत्तर दिले. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत या कायद्याखालील गुन्हा ठरणारे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नसल्यास ते आरोपीने दाखवावे. अर्थात, कृत्य घडले हे मात्र प्रथम सिद्ध करावेच लागते. कर्नाटकातील एका खटल्यात नव्या कूपनलिकेवर पाणी भरण्यास अडविले गेले होते. उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९२ मध्ये ती शिक्षा पुन्हा कायम केली. महाडनंतर पासष्ट वर्षांनी प्रश्न पाण्याचाच होता आणि वाद पुराव्याचाच.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मात्र गंभीर गुन्ह्यांसाठी, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला, असे शब्द होते. या दोन शब्दांनी भार पुन्हा आपल्या खांद्यावर आणून ठेवला. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आणि २०१० साली नागपूर खंडपीठाने हत्येचा गुन्हा शाबीत धरला, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप शाबीत झाला नाही असे म्हटले. त्या वेळी समाजात जो संताप उसळला, त्याचे मूळ येथे होते. २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने हे शब्द बदलले. पीडिताची जात ठाऊक असताना गुन्हा केला एवढे आता पुरे होते. आणि आरोपीस पीडिताची वा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती असल्यास त्यास जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते.

उपसंहार

१९२७ पासूनचा हा प्रवास पाहता एक गोष्ट आम्हास स्पष्ट दिसते. हक्क कोणाचा, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो कोणी सिद्ध करावयाचा हा प्रश्न महत्त्वाचा असतो. गावाने हा भार बहिष्कृतांवर टाकला होता. महाडच्या दाव्यात तो प्रथमच वगळणाऱ्यांच्या खांद्यावर गेला आणि त्यांना तो पेलला नाही. परंतु हा भार एका जागी स्थिर राहत नाही. कायद्यातील दोन शब्दांनी तो पुन्हा सरकू शकतो, हे आपण अनुभवले आहे.

म्हणून दोन गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवतो. पहिली, कायद्यातील प्रत्येक शब्दाकडे जागरूकतेने पाहणारे अभ्यासक व वकील आपल्या समाजातून अधिक संख्येने तयार व्हावेत. दुसरी, आपण कागद जपावेत. महाडचे वादी कागदाअभावी हरले. उद्या आपण त्या कारणाने हरता कामा नये. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्रविषयक कायद्यात जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. शाळेचे जुने दाखले, जमिनीचे उतारे, विहाराची इतिवृत्ते, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जांची पोच, या वस्तू घरात अडगळ म्हणून पडू देऊ नयेत.

माणसाला आपले माणूसपण सिद्ध करण्याची गरज नाही. ते नाकारणाऱ्याने आपला आधार दाखवावा. महाडच्या तळ्याकाठी ही गोष्ट कृतीने सांगितली गेली आणि दहा वर्षांनी न्यायालयात तिचा काही अंश मान्य झाला. उरलेला अंश मान्य करून घेण्याचे काम अजून संपलेले नाही.